बंबकाकांच्या मरणाची रंगीत तालीम

आमचे बंबकाका एका रविवारी सकाळी चहा झाल्यावर वारले आणि दुपारच्या जेवणाआधी परत आले. मधल्या वेळात त्यांनी जे ऐकलं, ते जिवंतपणी त्यांना ऐकवायची कुणाची छाती झाली नसती. ऐकवायची सोय मी केली होती, म्हणून हकीकतही मीच सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितली तर माझा भाग गाळून सांगेल, आणि माझा भाग फार सुंदर आहे.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सगळी नोकरी अग्निशमन दलात गेली, शेवटी स्टेशन ऑफिसर झाले. बंब घेऊन जाणारे काका ते बंबकाका. निवृत्त होऊन जमाना झाला, पण माणूस अजून ड्यूटीवरच आहे. कुणाकडे गेले की "या, बसा" व्हायच्या आत यांची नजर घरभर फिरून येते. गॅसची नळी जुनी झालीय का, पडदा शेगडीच्या किती जवळ आहे, पळायचं झालं तर कुठून पळायचं. लग्नाला गेले तर नवरानवरीला नंतर भेटतात, आधी हॉलच्या मागच्या दाराला भेटून येतात.

त्यांचा एकच मंत्र. ड्रिल केल्याशिवाय काही खरं नसतं. "कागदावरची योजना आगीत सगळ्यात आधी जळते," असं ते म्हणतात, आणि म्हणून झाल्यावर आपण वा म्हणावं म्हणून थांबतात.

मी त्यांचा पुतण्या. घरात मला 'खोड्या' म्हणतात. पन्नाशी उलटली तरी नाव बदललं नाही, कारण कामही बदललं नाही. पोटासाठी जुन्या सामानाचा धंदा करतो. कुणी घर मोडलं, कुणी गाव सोडलं, कुणी जगच सोडलं, की मला फोन येतो. त्यामुळे म्हातारं माणूस गेल्यावर घरात काय काय रंगतं ते मी पहिल्या रांगेत बसून बघितलंय. दोन सख्ख्या भावांनी एका मिक्सरवरून बोलणं टाकलं होतं. भांडं थोरल्याकडे, मोटर धाकट्याकडे. दोघांकडे मिक्सर होता आणि दोघांच्याही घरात काही वाटलं जात नव्हतं. शेवटी मी एकाकडून भांडं घेतलं, दुसऱ्याकडून मोटर घेतली, जोडला आणि विकला. तो मिक्सर त्या दोघांपेक्षा सुखात आहे.

तर एकदा काका माझ्या दुकानात आले. विकायला ठेवलेल्या सोफ्यावर बसले, त्याचा फोम चिमटीत धरून बघितला, म्हणाले, "हा भुर्रकन पेटेल." समोर गिऱ्हाईक उभं होतं. ते गेलं.

"काका, धंदा कसा करायचा माणसानं?"

"ते सोड. मी मृत्युपत्र केलंय, तुला माहीतच आहे."

माहीत असणारच. साक्षीदार म्हणून सही माझी होती. साक्षीदाराला आतलं काही मिळत नाही, म्हणून काकांनी मला निवडलं होतं. मला आत काय आहे ते वाचूही दिलं नव्हतं. "तू फक्त मी सही करताना बघ, आणि एकदा तरी हसू नकोस," एवढंच सांगितलं होतं.

आता मात्र त्यांनी आवाज खाली आणला. "लेका, मला मरायची भीती नाही. भीती तुझ्या काकूची आहे. मी गेलो की ही दोघं पोरं तिला बॅग देतील हातात. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. पाहुणी म्हणून आयुष्य काढायचं का तिनं? ते घर मी तिच्यासाठी घेतलं. तिला तिथून कुणी हलवू शकणार नाही अशी सोय मी करून ठेवलीय. पण सोय चालते का नाही, ते ड्रिल केल्याशिवाय कसं कळणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे येत्या रविवारी मी मरतो. तू पंच."

मला आयुष्यात एवढा आनंद फार कमी वेळा झालाय.

पण खरी गंमत पुढे आहे. त्याच आठवड्यात काकूचा फोन आला. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निम्म्या गावाचे आवाज तिला पाठ आहेत. मी नुसतं "हॅलो" म्हटलं तरी ती विचारते, "आता कुणाची खोडी काढलीस?" ती मला फोन करते तो काका अंघोळीला गेल्यावर. अंघोळ झाली की लाइन बंद.

"खोड्या, लवकर ऐक. मंडईमागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्या अजून रिकाम्या आहेत का?"

"आहेत. मालकाला मी धरून ठेवलाय. पण काकू, काकांना कधी सांगणार तू?"

"कसं सांगू रे? मी 'घर' असं नुसतं म्हटलं की ते सुरू होतात. दोन जिने, वर टाकी, खिडकीला शिडी. इतक्या हौसेनं सांगतात की मधे बोलायला जीव होत नाही. आणि बोललं तरी ऐकतात कुठं?" पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. "मला खाली उतरव रे बाबा इथून. गुडघे आहेत तोवर. ठेवते."

म्हणजे बघा. काकांना वाटतं, काकूला तिसऱ्या मजल्यावरून कुणी हलवू नये. काकूला वाटतं, कुणीतरी देवासारखं यावं आणि हलवावं. दोघांनी आपापलं गुपित आणून ठेवलं कुणाकडे, तर माझ्याकडे. याला म्हणतात माकडाच्या हाती कोलीत. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काका जिवंतपणी कुणाचं ऐकून घेत नाहीत. येत्या रविवारी ते मरणार आहेत. मेलेल्या माणसाला मधे बोलता येत नाही.

रविवारी सगळे जमलो. सगळे म्हणजे काका-काकू, त्यांचा थोरला, त्यांची धाकटी आणि मी. थोरला ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीत बसून ब्रेक दाबत आलाय, घरातही तेच करतो. धाकटी दातांची डॉक्टर. ती दिवसभर ज्यांच्याशी बोलते त्यांच्या तोंडात तिचीच अवजारं असतात, त्यामुळे आपल्याला कुणी उलट उत्तर देऊ शकतं हे तिला फारसं माहीत नाही. पोरं दोघंही गुणी आहेत हं. उगाच गैरसमज नको.

"बाबा, हे काय भलतंच अभद्र," धाकटी म्हणाली.

"अभद्र नाही, ड्रिल आहे. आग लागायच्या आधी करतात ते ड्रिल, नंतर करतात ती बोंबाबोंब." काकांनी नोकरीतली पितळी शिट्टी गळ्यात अडकवली होती. "ऐका. शिट्टी वाजली की मी गेलो. रडारड झाली, भेटायला आलेले पांगले, असं धरून चाला. आता कागद शोधायचे, वाचायचे, आईचं काय ते ठरवायचं. दुसऱ्या शिट्टीला मी परत येईन आणि कोण कुठं चुकलं ते सांगेन."

"आणि तोवर?" मी विचारलं.

"तोवर मी मेलेला."

"मेलेला माणूस बोलत नाही. खाणाखुणा करत नाही. हूं-हूं करत नाही. कबूल?"

"अरे, मला ड्रिलचे नियम शिकवतोस?"

"कबूल का ते सांगा. सगळ्यांच्या देखत."

"कबूल, कबूल!"

काका खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत ताठ बसले, छाती भरून शिट्टी फुंकली, आणि मान टाकली. इतक्या झोकात टाकली की काकू दचकलीच. "अगं बाई," म्हणाली, "मानेला उसण भरेल!"

मी शांतपणे पुढे झालो आणि प्रेताच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली.

एक डोळा उघडला.

"मौल्यवान वस्तू अंगावर ठेवायच्या नसतात," मी म्हणालो आणि शिट्टी खिशात टाकली. "डोळा मिटा, बंबकाका. तुम्ही वारलात."

डोळा मिटला, पण त्या डोळ्यात जे होतं ते मला समजलं. दुसरी शिट्टी आता माझ्या मर्जीवर होती.

ड्रिल सुरू झालं. पहिला प्रश्न, मृत्युपत्र कुठंय? थोरल्यानं कपाट उघडलं. वरच्या खणात गॅरंटी कार्डं निघाली, कधीच भंगारात गेलेल्या टीव्हीची, पंख्याची, इस्त्रीची. धाकटीनं पलंगाखालची ट्रंक ओढली. त्यात काकांचं हेल्मेट होतं, आणि हेल्मेटमध्ये गजराचं घड्याळ. ते मी लपवलं होतं, काका निवृत्त झाले तेव्हा. घड्याळ बंद पडलेलं बघून मला जरा भरून आलं. गाद्या उचलून झाल्या, देवघर नको नको म्हणत बघून झालं, थोरला स्टुलावर चढून माळ्यात डोकावला आणि शिंकायला लागला.

प्रेत खुर्चीत बसून खूश होतं. ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटत होतं.

"काका हसतायत," मी म्हणालो.

प्रेतानं ओठ घट्ट केले.

तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून डोकावली. "काय शोधताय एवढं? लाल फाईल का? ती फ्रीजमध्ये आहे."

"फ्रीजमध्ये?" थोरला माळ्यातूनच ओरडला.

"भाजीच्या खणात, खाली. जळालेल्या घरात फ्रीजच्या आतलं वाचतं असं तुमच्या बाबांचं म्हणणं. कुणाला न सांगता ठेवलीय त्यांनी. मलासुद्धा."

"मग तुला कशी माहीत?"

"फ्रीज पुसतं कोण? मी दर आठवड्याला काढते, पुसते, परत ठेवते. वर काकड्या ठेवते, म्हणजे त्यांना वाटावं कुणाला कळलं नाही."

प्रेताचं हसू उतरलं. इतकी वर्षं राखलेलं गुपित काकड्यांखाली सापडलं होतं.

फाईल आली. थंडगार, कोपऱ्यांना ओलसर. पण ती उघडायच्या आत थोरल्यानं ब्रेक दाबला. "थांब. कागद नंतर. आधी आईचं ठरवू. आई माझ्याकडे येणार. आमच्याकडे लिफ्ट आहे."

"आणि लिफ्टमध्ये बसून काय करणार ती दिवसभर?" धाकटी म्हणाली. "तू आणि वहिनी सकाळी जाता ते दिवे लागल्यावर उगवता. आई माझ्याकडे येईल."

"तुझ्याकडे? तू तिला 'आ करा' म्हणशील आणि तिचं म्हणणं ऐकणार कोण?"

"निदान मी तिच्या बाजूला बसून पायानं ब्रेक तरी दाबणार नाही!"

"अगं, मग निम्मं निम्मं करू. सहा महिने माझ्याकडे, सहा तुझ्याकडे."

"उन्हाळा तुझ्याकडे. माझ्याकडे एसी नाही."

"हिवाळा तुझ्याकडे मग."

खुर्चीतल्या प्रेताचे कान लाल झाले होते. उजवा पाय तालात आपटत होता.

"पाय," मी म्हणालो.

पाय थांबला. नाकातून मात्र बंबासारखी वाफ निघत होती. त्यांनी मला सांगितलेलं शब्दाला शब्द खरं ठरत होतं, आणि 'बघितलंस?' एवढंही म्हणता येत नव्हतं. याहून मोठी शिक्षा नाही.

"पंच म्हणून सांगतो," मी म्हणालो, "वाटणी नंतर. आधी मृत्युपत्र."

मी उभा राहून वाचलं. बँकेतलं काय, पेन्शनचं कुणाला कळवायचं, ते सगळं नीट लिहिलेलं. मग मुख्य भाग आला. राहतं घर पत्नीला हयातभर राहण्यासाठी. ती इथेच राहील. तिच्या हयातीत घर कुणालाही विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, आणि तिला इथून कुणीही हलवू नये. तिच्यानंतर दोन्ही मुलांना सारखं.

धाकटीनं नाक ओढलं. थोरला खाली बघत म्हणाला, "बरोबर आहे बाबांचं. आपण आत्ता काय करत होतो ते बघ. आईची बॅग भरत होतो."

प्रेताचा चेहरा असा उजळला की विचारू नका. ड्रिल यशस्वी झालं होतं. एक डोळा किलकिला करून ते काकूकडे बघत होते. तिचे डोळे भरून आले असतील, एवढं बघायचं होतं त्यांना.

काकू पदराला हात पुसत म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हणजे मला हे घर विकता यायचं नाही?"

"नाही."

"भाड्यानं देऊन दुसरीकडे राहायचं म्हटलं तर?"

"'ती इथेच राहील' असं लिहिलंय."

"म्हणजे मरेपर्यंत तिसरा मजला," काकू म्हणाली आणि मटकन खाली बसली.

"अगं पण—" प्रेत बोललं.

"बंबकाका!" मी ओरडलो. "वारलात तुम्ही!"

काकांचा हात छातीवर शिट्टी शोधत फिरला. मी खिशातून काढून ती त्यांच्यासमोर हलवली. माझ्या हाती आलेलं जुनं सामान फुकट सुटत नाही, तर शिट्टी कशी सुटेल? ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की मी वाळलं गवत असतो तर पेटलो असतो. पण नियम त्यांचेच होते, आणि आयुष्यभर त्यांनी कधी ड्रिल मधेच सोडलं नव्हतं. मान परत टाकली.

"बोल काकू," मी म्हणालो. "लाइन मोकळी आहे."

काकूनं एकदा खुर्चीकडे बघितलं. मग पोरांकडे वळली.

"तुमचे बाबा फार चांगले होते," ती म्हणाली.

'होते' ऐकून प्रेताची एक भुवई वर गेली.

"हे घर बघायला आलो तेव्हा मला म्हणाले, आवडलं का? मी हो म्हणाले. इतके खूश होते, नाही कसं म्हणणार? दोन जिने, डोक्यावर टाकी, खिडकीला लागून लोखंडी शिडी. मला म्हणाले, तुला इथं कधी काही होणार नाही. आणि खरंच, मला इथं कधी काही झालंच नाही." तिनं खिडकीकडे हात केला. "काहीच झालं नाही रे. मी एक्स्चेंजमध्ये बसायचे तेव्हा सगळं गाव कानात असायचं. कुणाकडे बाळ झालं ते बापाच्या आधी मला कळायचं. आणि इथं खिडकीतून काय दिसतं? शिडी. गुडघे गेल्यापासून मी खाली उतरते ती डॉक्टरकडे. भाजीवाला खालून ओरडतो, मी वरून दोरीला पिशवी सोडते. त्याचं टक्कल मला ओळखीचं आहे, तोंड कसंय देव जाणे."

थोरला हसला आणि मग त्याला हसू आवरावं लागलं, कारण धाकटी रडत होती.

"कितीदा मनात आलं, एकदाची आग तरी लागू दे," काकू म्हणाली, "म्हणजे ती शिडी तरी उपयोगी पडेल आणि मी खाली तरी उतरेन."

"आई, मग तुला कुठं राहायचंय?" थोरल्यानं विचारलं. पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, आणि ब्रेक न दाबता विचारलं.

"तुझ्याकडे नाही. हिच्याकडेही नाही. रागावू नका. या तुम्ही, मी पण येईन, पण चार दिवसांची पाहुणी म्हणून. मंडईमागच्या गल्लीत सायकलवाल्याच्या शेजारी दोन खोल्या आहेत, तळमजल्यावर. दाराला एक रुंद पायरी आहे. तिथं खुर्ची टाकून बसलं की येणारा-जाणारा बोलल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही. गल्लीच तेवढी अरुंद आहे. खोड्यानं मला फोटो दाखवलेत."

आता प्रेतानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"कधी जायचंय?" धाकटीनं डोळे पुसत विचारलं.

"विधवा झाले की लगेच जायचं ठरवलं होतं," काकू म्हणाली. "पण आता या कागदात तर तेही बसत नाही." मग आवाज जरा खाली आला. "तुमचे बाबा असते ना, तर त्यांनाही घेऊन गेले असते. एकटीला काय मजा? पण त्यांच्यापुढे बोलायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आज मेलेत म्हणून बोलले."

बाहेर कुणाच्यातरी कुकरची वाफ सुटली. खुर्चीतल्या काकांच्या मिटलेल्या डोळ्यातून पाण्याचा एक ओघळ निघाला आणि मिशीत शिरला. आता याला बाद द्यायचं का, हा नियमाचा प्रश्न होता. प्रेतानं रडू नये असं ठरलं नव्हतं. मी सोडून दिलं.

मग त्या माणसानं, ज्यानं चाळीस फुटी ज्वाळांसमोर उभं राहून हुकूम सोडले, शाळेतल्या पोरासारखं एक बोट वर केलं.

"काय हवंय त्यांना?" काकू म्हणाली.

"जिवंत व्हायचंय," मी म्हणालो आणि शिट्टी तिच्या हातात ठेवली. "पण आता ते तुझ्या हातात. करायचं का नाही ते तू बघ."

काकूनं शिट्टी उलटसुलट करून बघितली. इतकी वर्षं घरात होती, पण तिच्या हातात कधी आली नव्हती. ती खुर्चीजवळ गेली.

"परत आलात तर मधे बोलणार नाही?"

प्रेतानं मान हलवली. नाही.

"येणार माझ्याबरोबर खाली?"

प्रेत थांबलं. कपाळाला आठ्या पडल्या. सगळं जमत आलं आणि इथं घोडं अडणार की काय! पोरंही श्वास रोखून उभी. काकू मात्र गालात हसत होती. तिला ती आठी कसली ते माहीत होतं.

"मागचं दार आहे," ती म्हणाली.

दोन्ही डोळे उघडले.

"मी आधीच विचारून घेतलंय. मागचं दार आहे, ते बोळात निघतं, बोळ रस्त्याला. सिलिंडर बाहेर ठेवायला कट्टा आहे. नळ दारात. वायरिंग नवं आहे. आणि शेजारी सायकलवाला आहे, पण त्याचं वेल्डिंगचं काम दुसऱ्या गल्लीत चालतं. तेही विचारलं."

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. म्हणजे मला वाटत होतं मी काकांना बनवतोय, आणि काकूनं माझ्या पाठीमागे मालकाला परस्पर फोन करून सगळी तपासणी उरकली होती. इतके महिने ती दोघांसाठी घर बघत होती.

काकूनं शिट्टी ओठांना लावली आणि फुंकली. आधी नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा अशी वाजली की खालचा भाजीवाला "काय झालं हो?" म्हणून ओरडला.

बंबकाका उठले. आम्ही सगळे वाट बघत होतो, मेलेला माणूस परत येऊन पहिला शब्द काय बोलतो.

"मागचं दार," ते घसा खाकरून म्हणाले, "आत उघडतं का बाहेर?"

"बाहेर."

"मग ठीक आहे," काका म्हणाले, आणि मग काकूकडे बघत, जरा वेळानं, "मला आधी सांगायचं नाही का गं?"

"सांगत होते की. तुम्ही मेला नव्हतात."

त्यावर थोरला जो हसत सुटला तो भिंत धरून खाली बसला. मग आम्ही सगळेच. काका सगळ्यात शेवटी हसले, पण सगळ्यात जास्त वेळ.

ड्रिलनंतर चुका सांगायची पद्धत असते. काकांनी सांगितल्या. थोरल्याची चूक, माळ्यावर चढताना स्टूल कुणी धरलं नव्हतं. धाकटीची, ट्रंक ओढताना कमरेतून वाकली. माझी, शिट्टी चोरली. "आणि माझी," ते म्हणाले, "आत अडकलेल्या माणसाला विचारलंच नाही, तुला बाहेर यायचंय का." पुढच्याच आठवड्यात ते वकिलाकडे जाऊन आले. नव्या कागदात घर सरळ काकूच्या नावानं आहे. विक, भाड्यानं दे, हवं तर त्यात कबुतरं पाळ. दोन्ही पोरांनी तो वाचला, कारण यावेळी तो टेबलावर होता.

पावसाळ्यानंतर ते खाली राहायला आले. वरच्या घरात एक तरुण जोडपं भाड्यानं आलं. काकांनी त्यांची मुलाखत घेतली. पगार विचारला नाही, शिडीवरून उतरून दाखवा म्हणाले. दोघांनी उतरून दाखवलं. जुनं मोठं कपाट मी घेतलं, मातीमोलानं मिळेल या आशेनं. काकूनं असा भाव केला की शेवटी वर पंखाही मीच विकत घेऊन बाहेर पडलो, आणि तो फिरत नाही.

आता संध्याकाळी त्या गल्लीतून जायचं असेल तर वेळ हाताशी ठेवून जा. पायरीवर दोन खुर्च्या असतात. काकू गावाच्या खबरा घेते, काका सायकलवाल्याला रबर सोल्यूशनचा डबा कुठं ठेवू नये ते सांगतात. भाजीवाल्याचं तोंड काकूनं शेवटी बघितलं. टक्कलच बरं होतं म्हणते.

शिट्टी तिच्याच गळ्यात असते. परवा तिनं सहज, शेंगा सोलता सोलता जाहीर केलं, "येत्या रविवारी माझं ड्रिल. सकाळी शिट्टी वाजली की मी गेले."

काकांचा चेहरा पांढराफटक. "तू कशी जाशील? मी मोठा आहे तुझ्यापेक्षा."

"आग काय वय विचारून लागते?" काकू म्हणाली. वाक्य त्यांचंच होतं.

तेव्हापासून काकांची तयारी चालू आहे. भात तीनदा करपला, आणि प्रत्येक वेळी त्यांनी स्वतःच तो अग्निशमन दलाच्या शिस्तीत विझवला. धाकटी फोनवरून डाळीचं प्रमाण सांगते, थोरला रात्री येऊन कपडे धुवायचं मशीन शिकवतो, शेजारी बसून, पाय उगाच दाबत.

आज दुपारी मला फोन आला. आवाज अगदी दबका. काकू मंडईत गेली असणार.

"खोड्या, लेका, खरं सांग. ही धुण्याचा साबण कुठं ठेवते?"

खरं तर मला माहीत होतं. सिंकखालच्या डब्यात.

"काका, तुमच्याच घरात राहून तुम्हाला माहीत नाही?" मी म्हणालो. "अहो, आगीत वाचावा म्हणून तिनं कुठं ठेवला असेल? भाजीच्या खणात बघा. काकड्यांखाली."

"अरे हो की!" काका म्हणाले. आणि फोनवर मला फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.